एकदिवसीय कॉन्टॅक्ट लेन्स आणि नेत्रस्वास्थ्य : वैद्याने काय पाहावे?

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे रुग्ण आता केवळ महानगरांतील नेत्रतज्ज्ञांकडेच जातात असे राहिलेले नाही. राजूर हे जालना-भोकरदन मार्गावरील, राजुरेश्वर गणपतीचे गाव. येथील तरुण-तरुणी शिक्षणासाठी व नोकरीसाठी जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे जातात आणि चष्म्याऐवजी लेन्स लावून सुट्टीला परततात. डोळा चुरचुरला की ते प्रथम गावातील वैद्याकडे येतात. तत्पूर्वी घरी गुलाबजल, मध किंवा त्रिफळ्याचे पाणी घालून झालेले असते. म्हणून या विषयाची किमान माहिती प्रत्येक वैद्यास असणे अगत्याचे आहे.

लेन्सचे स्वरूप

मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा जनक म्हणून चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांचे नाव घेतले जाते. १९६१ साली त्यांनी मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांपासून घरीच यंत्र बनवून पाणी शोषणाऱ्या प्लॅस्टिकची लेन्स तयार केली. प्रारंभी अशी एकच लेन्स दीर्घकाळ धुऊन वापरावी लागे. १९९० च्या दशकाच्या मध्यास एक दिवस वापरून फेकून देण्याच्या लेन्स बाजारात आल्या आणि १९९९ च्या सुमारास प्राणवायू अधिक प्रमाणात पार होऊ देणारा सिलिकॉन हायड्रोजेल हा पदार्थ प्रचारात आला.

कृष्णमंडल म्हणजेच कॉर्निया हे केवळ अर्धा मिलिमीटर जाडीचे असून त्यात रक्तवाहिन्या नसतात. डोळा उघडा असताना त्यास प्राणवायू मिळतो तो मुख्यत्वे अश्रूंमधून, बाहेरील हवेतूनच. लेन्स बसवली की या मार्गात पडदा येतो. झोपेत पापणी मिटल्यावर हा पुरवठा आणखी घटतो. लेन्स लावून झोपू नये, या नियमाचे हे एक प्रमुख कारण होय.

‘एकदिवसीय’ या शब्दाचा अर्थ

एकदिवसीय लेन्सचा खरा लाभ असा की, तिला धुण्याचे द्रावण नको आणि ठेवण्याची डबीही नको. जंतूंची वाढ बहुधा याच डबीत होते. अश्रूंतील प्रथिने व स्निग्धांश यांचा थर साचण्यापूर्वीच लेन्स टाकून दिली जाते. त्यामुळे खाज व अभिष्यंदसदृश तक्रारीही कमी होतात.

तथापि ही लेन्स सर्वस्वी निर्धोक नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, एकदिवसीय लेन्स वापरणाऱ्या दर दहा हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे २ जणांना कृष्णमंडलाचा जंतुसंसर्ग झाला. लेन्स घालून झोपणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे २० ते २५ इतके होते. लेन्सच्या प्रकाराइतकीच वापरणाऱ्याची शिस्तही महत्त्वाची आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

शिस्त मोडते ती बहुधा खर्चापायी. तीस लेन्सची पेटी दोन डोळ्यांना पंधराच दिवस पुरते. मग रुग्ण तीच लेन्स रात्री वाटीतील पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो. आपल्या भागात पाणी टँकरचे, विहिरीचे किंवा पिंपात साठवलेले असते. अशा पाण्यात अकॅंथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा कृष्णमंडलास संसर्ग झाल्यास तीव्र वेदना होतात आणि उपचार कित्येक महिने चालतात. गोड्या पाण्याने लेन्स बुबुळास घट्ट चिकटते, हा आणखी एक अपाय. ज्यास रोजचा खर्च झेपत नाही, त्याने एरवी चष्मा वापरावा व लेन्स लग्नसमारंभासारख्या प्रसंगापुरती ठेवावी. हा सल्ला देण्यात वैद्याने संकोच करू नये.

आयुर्वेदीय विचार

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांपैकी दोन येथे विशेष विचारात घ्यावेत. पहिला शुष्काक्षिपाक. पापण्या रूक्ष व कठीण होणे, उघडताना त्रास होणे, दृष्टी गढूळ होणे ही त्याची लक्षणे. आपला कोरडा उन्हाळा, कापूस वेचणीच्या व मळणीच्या दिवसांतील धूळ, रात्रीचे जागरण आणि मोबाइलकडे एकटक पाहताना कमी होणारी निमेषक्रिया, या सर्वांनी वातवृद्धी होऊन अश्रू आटतात. अशा डोळ्यात लेन्स सुखाने राहत नाही. येथे आधी रूक्षतेची चिकित्सा करावी व लेन्सचा विचार मागाहून व्हावा.

दुसरा सव्रण शुक्र. चार कृष्णगत रोगांपैकी हा एक असून लेन्समुळे होणाऱ्या कॉर्नियाच्या व्रणाशी त्याचे साम्य आहे. जो व्रण दृष्टीपासून दूर आहे, खोल नाही, स्रावरहित व वेदनारहित आहे, तोदेखील क्वचितच बरा होतो, असे आचार्यांचे मत आहे. मग वेदना व स्राव असलेला व्रण गावातच राखून ठेवणे शास्त्रसंमत कसे ठरेल?

सुखकर वापरासाठी रुग्णास द्यावयाच्या सूचना

१) लेन्स नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. तिची वक्रता व व्यास डोळ्यास जुळावे लागतात. चष्म्याचा आणि लेन्सचा क्रमांक नेहमी सारखा असतोच असे नाही.
२) हात साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करावेत, मगच लेन्सला स्पर्श करावा.
३) लेन्स उलटी झाली नाही ना, तिची कड फाटली नाही ना, हे पाहावे. लेन्स लावल्यावर टोचत असेल तर काढून टाकावी.
४) आधी लेन्स, मग काजळ व प्रसाधने, रात्री आधी लेन्स काढावी, मग चेहरा धुवावा.
५) स्नान, पोहणे व झोप या वेळी लेन्स नसावी. दुचाकीवर संरक्षक चष्मा लावावा.
६) लेन्स थुंकीने किंवा पाण्याने ओली करू नये, खाली पडलेली लेन्स पुन्हा लावू नये.
७) जवळ चष्मा नेहमी असावा.

क्रियाकल्प आणि लेन्स

लेन्स डोळ्यात असताना आश्च्योतन, सेक, अंजन, तर्पण यांपैकी काहीही करू नये. मऊ लेन्स द्रव्ये शोषून घेते व ती दीर्घकाळ कृष्णमंडलास भिडवून ठेवते. थेंबांच्या कुपीतील बेन्झाल्कोनियम क्लोराइड या परिरक्षकाच्या बाबतीतही हेच घडते. अंजनाचे कण लेन्सखाली अडकल्यास ओरखडे पडतात.

तर्पणानंतर तेज, वारा व चकाकणाऱ्या वस्तू टाळाव्यात, असा शास्त्रादेश आहे. घृताचा अंशही डोळ्यात काही काळ राहतो. म्हणून तर्पणाच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी लेन्स लावू न देणे श्रेयस्कर. प्रत्येक नेत्ररुग्णास ‘आपण लेन्स लावता काय?’ हा प्रश्न विचारून त्याची नोंद ठेवावी. तरुण रुग्ण, विशेषतः विवाह ठरलेल्या मुली, घरच्यांसमोर हे सांगत नाहीत. तेव्हा प्रश्न एकांतात विचारावा.

धोक्याची लक्षणे

लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, दुखू लागला, प्रकाश सहन होईना, दिसणे अंधुक झाले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स त्वरित काढावी. ती काढल्यानंतरही त्रास राहिल्यास तो कृष्णमंडलाचा व्रण आहे असे समजूनच पुढील पाऊल उचलावे. स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग एक-दोन दिवसांत कृष्णमंडलाचा मोठा भाग नष्ट करू शकतो.

अशा वेळी डोळ्यावर पट्टी बांधू नये. दुकानातून आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब तत्काळ बंद करवावेत. मध, दूध वा कोणताही स्वरस घालू नये. काढलेली लेन्स स्वच्छ डबीत घालून रुग्णासोबत द्यावी. तपासणीस ती उपयोगी पडते. जालन्यात श्री गणपती नेत्रालयासारखे सुसज्ज नेत्र रुग्णालय आहे. राजुराहून तेथे तासाभरात पोहोचता येते. रुग्णास त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवावे. ‘उद्या पाहू’ असे म्हणू नये.

समारोप

रूक्षतेची चिकित्सा, आहार-निद्रेचे नियमन, स्वच्छतेचा उपदेश हे आपले क्षेत्र आहे आणि लेन्स वापरणाऱ्यास त्याचा निश्चित लाभ होतो. व्रणाची शंका येताच रुग्ण योग्य हाती सोपवणे हाही चिकित्सेचाच भाग होय. कृष्णमंडलावर उरलेला पांढरा डाग पुसणारे अंजन कोणाजवळही नाही. वेळेवर लिहिलेली एक चिठ्ठी मात्र तो डाग पडण्यापासून वाचवू शकते.

इत्यलम्.