टेप बॅकअप सुरू झाला की युनिक्स सर्व्हर मध्येच हँग का होतो?

रात्री टेप बॅकअप सुरू होतो आणि थोड्या वेळात सर्व्हर हँग होतो. लॉगइन होत नाही, कीबोर्डला प्रतिसाद नाही. काही वेळाने सगळं आपोआप सुरळीत होतं. हे रोज घडत नसल्याने दोष सापडत नाही आणि शेवटी वैतागून बॅकअपच बंद केला जातो.

हा उपाय महागात पडू शकतो. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांचे मेल गायब झाले होते. गूगलकडे डेटाच्या अनेक प्रती होत्या, पण दोषाचा फटका त्यांनाही बसला. मेल परत मिळाले ते टेपवरून. त्यामुळे बॅकअप बंद करण्याऐवजी दोष शोधणं गरजेचं ठरतं.

अख्खं मशीन का थांबतं?

जुन्या युनिक्स सर्व्हरमध्ये डिस्क आणि टेप ड्राइव्ह अनेकदा एकाच 'स्कझी' केबलवर असतात. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत कंट्रोलर धरून आठ उपकरणं एक केबल वापरतात, पण एका वेळी एकच जोडी बोलू शकते.

टेप गुंडाळायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात ड्राइव्हने केबल मोकळी करावी आणि काम झालं की परत यावं, अशी सोय असते. तिला 'डिस्कनेक्ट' म्हणतात. ती बंद असेल, तर ड्राइव्ह केबल अडवून बसतो. अरुंद पुलावर ट्रक बंद पडावा, तसं होतं. डिस्ककडे जाणारी प्रत्येक मागणी रांगेत थांबते आणि ती करणारे प्रोग्रामही थांबतात. अशा अवस्थेत अडकलेली प्रोसेस 'किल -९' कमांडनेही मरत नाही.

हँग नेमका कधी होतो?

आधी वेळ नोंदवावी आणि ती सिस्टिम लॉगशी जुळवून पाहावी. टेप गुंडाळतानाच हँग होत असेल, तर संशय 'डिस्कनेक्ट'वर. कधीही होत असेल आणि लॉगमध्ये 'टाइमआउट' किंवा 'बस रिसेट' दिसत असेल, तर संशय केबल आणि जोडणीवर. टेप सतत थांबून मागेपुढे होत असेल, तर डेटा पुरेशा वेगाने पोहोचत नाहीये. त्याने बॅकअप रेंगाळतो, पण सहसा सर्व्हर हँग होत नाही.

दोष कुठे आहे, हे कसं ठरवायचं?

काम दोन भागांत तोडावं. आधी टेप न वापरता फक्त डिस्क वाचून पाहावी. इथे एक फसगत होते. जीएनयू 'टार'ला निकाल थेट 'डेव्ह नल'मध्ये टाकायला सांगितलं, तर तो फाइलमधला मजकूर वाचतच नाही आणि चाचणी क्षणात 'यशस्वी' होते. त्यामुळे निकाल आधी पाइपमधून 'कॅट'कडे द्यावा.

मग रिकाम्या टेपवर 'डीडी'ने नुसता डेटा लिहून पाहावा. बॅकअपची टेप चुकूनही वापरू नये, तिच्यावरचा डेटा पुसला जाईल. दोन्ही कामं वेगवेगळी नीट होतात, पण एकत्र केल्यावर हँग होतो? मग दोष बहुधा दोघांच्या सामायिक वाटेत आहे.

उपाय काय?

मशीन बंद करून केबल तपासावी. टर्मिनेटर दोन्ही टोकांना हवेत, मध्ये एकही नको. नवा ड्राइव्ह मध्ये जोडताना त्याचा स्वतःचा टर्मिनेटर चालू राहणं, ही नेहमीची चूक. प्रत्येक उपकरणाचा आयडी वेगळा हवा. साध्या, सिंगल-एंडेड स्कझीत केबलची एकूण लांबी ६ मीटर आणि 'फास्ट' प्रकारात ३ मीटरपेक्षा जास्त नसावी. त्यात कॅबिनेटच्या आतली केबलही मोजायची. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये 'डिस्कनेक्ट' चालू आहे का, तेही पाहावं. शक्य असल्यास टेपला स्वतंत्र कंट्रोलर द्यावा. मग टेप अडली तरी डिस्कची वाट मोकळी राहते.

एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि जो दोष अधूनमधूनच दिसतो, तो एक रात्र दिसला नाही म्हणजे गेला असं नसतं. काही आठवडे लॉगवर लक्ष हवं. शेवटी टेपवरून एखादी फाइल परत आणून पाहावी. ती उघडली, तरच बॅकअपवर विसंबता येईल.