ज्ञानकोशाचे बिनपगारी संपादक व त्यांविषयींचे लोकग्रह

आंतरजालावरील मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ रोजीं सुरू झाला. त्याचे संपादक वेतन घेत नाहींत, पुष्कळ जण टोपणनांवानें लिहितात, व सामान्यतः कोणासही तेथें लिहिण्यास मज्जाव नाहीं. या संपादकांविषयीं लोकांत तीन ग्रह रूढ आहेत : ते रिकामटेकडे असतात, क्षुल्लक गोष्टीवरून भांडतात, आणि जाणत्या माणसानें दिलेली माहितीही मुजोरपणें खोडतात. यांत तथ्य किती, तें पाहूं.

पहिला ग्रह आमच्या वाचकांस नवा वाटूं नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढिला. दप्तरांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या या पुरुषाच्या विक्षिप्तपणाच्या आख्यायिका लोक अद्याप सांगतात. परंतु अभ्यासकांच्या हातीं राहिले ते त्या मालेचे २२ खंड. पोटासाठीं न केलेलें काम लोकांस वेडाचें वाटतें, इतकाच याचा अर्थ.

दुसऱ्या ग्रहासाठीं इंदापूरचें उदाहरण घेऊं. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईंत पडले. परंतु त्याचें साल कोणी १६०६ च्या सुमाराचें देतात, कोणी १६२० च्या सुमाराचें. अशा स्थळीं एकानें घातलेलें साल दुसऱ्यानें बदलणें साहजिक आहे. बाहेरच्या माणसास तें पोरकट दिसेल. पण प्रत्येक बदल, त्याची वेळ व करणाऱ्याचें सदस्यनाम हीं त्या पानाच्या इतिहासांत नोंदलीं जातात, आणि वाद चर्चापानावर मांडावयाचा असतो. पाठभेद टिपणारा पोथ्यांचा संपादक याहून निराळें काय करितो ?

तिसरा ग्रह अधिक महत्त्वाचा. समजा, बाबूजी नाइकांच्या आश्रयानें बारामतीस राहिलेल्या मोरोपंतांचें (१७२९–१७९४) एखादें अप्रसिद्ध पत्र कोणाच्या घरीं निघालें व मालकानें त्यांतील माहिती थेट कोशांत घातली. संपादक तेथें ‘संदर्भ हवा’ अशी खूण करील, किंवा मजकूर काढून टाकील. यांत मुजोरी नाहीं. अप्रकाशित संशोधन घ्यावयाचें नाहीं, असा त्या कोशाचा नियमच आहे. पत्र अस्सल कीं नक्कल, हें ठरविण्याचा अधिकार संपादक स्वतःकडे घेत नाहीं. तो प्रकाशित प्रमाण मागतो.

या मंडळींत खरा दोष आहे, तो निराळा. विकिपीडियाच्या संपादकांत पुरुषांचा भरणा फार, असें पाहण्यांत वारंवार आढळलें आहे. त्यामुळें कित्येक विषय उपेक्षित राहतात. तो दोष थट्टेनें जाणार नाहीं. लिहिणारे वाढले तरच जाईल.

यावरून आमचें कर्तव्य ठरतें. बारामती-इंदापुराकडील ज्या गृहस्थांच्या संग्रहीं महजर, वतनपत्रें किंवा पोथ्या असतील, त्यांनीं तीं वाचन, तारीख, प्राप्तिस्थान व छायाचित्र यांसह नियतकालिकांत प्रसिद्ध करावीं. पेटींत पडून वाळवीनें खाल्लेल्या कागदास कोणताही ज्ञानकोश प्रमाण धरूं शकत नाहीं.