लुटीचा थरारपट आणि सामाजिक आशय : ‘बॅड जीनियस’

प्रास्ताविक

रहस्यकथा, साहसकथा, थरारपट यांना ‘केवळ रंजनपर’ ठरवून बाजूला ठेवण्याची सवय समीक्षेला बराच काळ होती. रंजन आणि समाजचिंतन ही दोन स्वतंत्र दालने आहेत, अशी त्यामागची समजूत होती. ती कितपत टिकते, हे एका थाई चित्रपटाच्या आधारे पाहू. नत्तावुत पूनपिरिया दिग्दर्शित ‘बॅड जीनियस’ हा चित्रपट २०१७ साली प्रदर्शित झाला.

प्रकाराची घडण

लुटीच्या थरारपटाची चौकट बरीचशी ठरलेली असते. निरनिराळ्या कौशल्यांची माणसे एकत्र येतात, योजना आखतात, ती पार पाडतात आणि शेवटी कुठेतरी काहीतरी बिनसते. जॉन ह्यूस्टन यांचा ‘द ॲस्फाल्ट जंगल’ (१९५०) आणि जूल्स दासँ यांचा ‘रिफिफी’ (१९५५) या चित्रपटांनी ही चौकट पक्की केली. ‘रिफिफी’मधील जवाहिऱ्याच्या दुकानातील चोरीचा सुमारे अर्ध्या तासाचा प्रसंग संवाद आणि पार्श्वसंगीत यांच्याविना घडतो. तेवढा वेळ प्रेक्षक श्वास रोखून चोरांच्या बाजूने उभा असतो. योग्य-अयोग्याचा प्रश्न तो काही काळ विसरतो. प्रेक्षकाला असे पक्षपाती बनवणे हेच या प्रकाराचे खरे सामर्थ्य होय.

तिजोरीच्या जागी उत्तरपत्रिका

‘बॅड जीनियस’मध्ये लुटायची असतात ती परीक्षेची उत्तरे. शिक्षकाची बुद्धिमान मुलगी लिन बँकॉकमधील एका प्रतिष्ठित शाळेत शिष्यवृत्तीवर शिकत असते. ती प्रथम ग्रेस या मैत्रिणीला मदत करते. पुढे श्रीमंत घरातला पॅट त्या मदतीचा व्यवसाय करतो. पियानोच्या सुरावटींवर फिरणारी बोटे हीच पर्यायी उत्तरांची सांकेतिक भाषा होते. अखेरची योजना आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षेची आहे. सिडनीचे घड्याळ बँकॉकच्या पुढे असल्याने तेथे परीक्षा आधी सुरू होते. लिन आणि तिचा सहाध्यायी बँक यांनी सिडनीत परीक्षेला बसून उत्तरे पाठ करायची, ती फोनवरून कळवायची आणि बँकॉकमध्ये ती पेन्सिलींवर बारकोडच्या रूपात गिऱ्हाइकांच्या हाती द्यायची, असा हा बेत असतो. घड्याळाचे काटे, पेन्सिलीचे टोक, कपाळावरचा घाम यांच्या समीपदृश्यांतून दिग्दर्शक परीक्षागृहात बँकेच्या तळघराचा ताण निर्माण करतो.

रचनेतूनच उमटणारे भाष्य

येथे सामाजिक आशय संवादांतून उपदेशासारखा येत नाही. तो कामांच्या वाटणीतून प्रकट होतो. लुटीच्या टोळीत प्रत्येकाचे काम वेगळे असते. या टोळीत श्रीमंतांचे काम पैसा देणे आणि लिन व बँक यांचे काम धोका पत्करणे. धुलाईचे छोटे दुकान चालवणाऱ्या आईचा मुलगा असलेला बँक आरंभी कॉपीची तक्रार करणारा प्रामाणिक विद्यार्थी असतो. पॅटने घडवून आणलेल्या मारहाणीमुळे त्याची शिष्यवृत्तीची परीक्षा हुकते आणि तो या बेतात ओढला जातो. पुढे पकडला जातो तोही बँकच.

याच्या जोडीला दुसरे सत्य उभे राहते. आपल्याकडे ज्याला ‘डोनेशन’ म्हणतात, तशी रक्कम या शाळेने लिनच्या वडिलांकडूनही घेतलेली असते. गुणवत्तेचा मान राखणारी संस्थाच प्रवेश विकत असेल, तर उत्तरे विकणारीला ती कोणत्या अधिकाराने जाब विचारणार? परीक्षा सर्वांना एका रेषेत उभे करते, हा आपला विश्वास. नोकरी आणि संसार सांभाळून परीक्षेला बसणाऱ्या आपणांपैकी अनेकांना त्या विश्वासाचे मोल ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रश्न बोचतो.

मात्र चित्रपट व्यवस्थेवर बोट ठेवून व्यक्तीला मोकळे सोडत नाही. शेवटी बँक हाच धंदा पुढे चालवू पाहतो आणि सामील न झाल्यास लिनचे गुपित उघड करण्याची धमकी देतो. लिन नकार देऊन स्वतःच कबुली द्यायला जाते. अन्याय दोघांच्याही वाट्याला आलेला असतो. त्यातून निघणाऱ्या वाटा मात्र वेगळ्या होतात. इतका वेळ त्यांच्या यशाची कामना करणाऱ्या प्रेक्षकाला आता आपल्याच पक्षपाताचा हिशेब द्यावा लागतो.

समारोप

थोडक्यात, या कलाकृतीत थरार हे आशयावरचे वेष्टन नाही. टोळी, योजना, धोका आणि वाटणी हे प्रकाराचे घटकच विषमतेचे चित्र रेखाटतात. थरार वजा केला, तर भाष्यही उरणार नाही. रंजनप्रधान कलाकृतीचे मूल्यमापन करताना ही कसोटी उपयोगी पडेल.

स्वाध्याय : आपण वाचलेल्या एखाद्या मराठी रहस्यकथेत किंवा साहसकथेत धोका कोण पत्करतो आणि लाभ कोणाला होतो, याचा शोध घ्या. त्यातून कोणते समाजचित्र उभे राहते, ते सुमारे १५० शब्दांत लिहा.