तुडतुड्याच्या पोटावरचं गाठोडं

गणपती गेले की पेण-रोह्याच्या खाचरांत निमगरवं, गरवं भात निसवायला लागतं आणि चुडांच्या बुडाशी तपकिरी तुडतुडे दाटतात. लागवड दाट, पाणी तुंबलेलं आणि युरिया सढळ असेल, तर त्यांचं आणखीच फावतं. आशियाभरच्या भातशेतीत या तुडतुड्यांच्या मागावर ड्रायनिडी नावाचं एक कीटककुळ असतं. ते दिसलं तरी ओळखू येत नाही, म्हणून गैरसमजही बरेच.

गैरसमज : चुडावर धावते ती मुंगी.
वस्तुस्थिती : ही गांधीलमाशीच्या गोतातली. भातातल्या अनेक जातींच्या माद्यांना पंख नसतात आणि अंगलट जेमतेम काही मिलिमीटरची, म्हणून फसगत होते. भिंगातून पुढचे पाय पाहा. टोकाला खेकड्याच्या नांगीसारखा चिमटा दिसेल. पावलाचं शेवटचं पेर आणि वाढलेली एक नखी मिळून तो होतो. मुंगीला असा चिमटा नसतो. नराला चिमटा नसतो, बहुधा पंख असतात. त्यामुळे ही जोडी एकाच जातीची हे पटतच नाही.

गैरसमज : तुडतुड्याच्या पोटावर लोंबणारी पिशवी म्हणजे त्याची अंडी.
वस्तुस्थिती : ते शत्रूचं बिऱ्हाड. मादी तुडतुड्याला चिमट्यात धरते, डंख मारून थोडा वेळ लुळा करते, अंडं घालते आणि सोडून देते. तुडतुडा पुन्हा हिंडू लागतो. आतली अळी वाढते तशी त्याच्या पोटाच्या वळ्यांमधून बाहेर फुगते. टाकलेल्या कातींचीच पिशवी होते. शेवटी अळी बाहेर पडून कोष विणते आणि तुडतुडा मरतो.

गैरसमज : परजीवी म्हणजे बांडगूळ, पिकाचा वैरी.
वस्तुस्थिती : बांडगूळ आंब्यावर वर्षानुवर्षं पोसतं. ही अळी मात्र यजमानाचा जीव घेऊनच मोठी होते आणि भाताला तोंडही लावत नाही. मादी तर काही तुडतुडे सरळ खाऊन टाकते.

गैरसमज : पंप मारला की तुडतुडे संपले.
वस्तुस्थिती : सरसकट मारणाऱ्या औषधाने ही माशी मरते, कोळी मरतात आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूणही मरतात. पानांच्या आवरणात घातलेली तुडतुड्यांची अंडी मात्र वाचतात, आणि पुढची पिढी मोकळ्या रानात वाढते. अर्थात माशी एकटी पुरी पडेल असंही नाही; तुडतुडे फारच वाढले तर औषध लागतंच. पण पंप भरण्याआधी चार-दोन चूड फाकवून बुंधे पाहावेत. तुडतुडे मोजताना गाठोडी किती जणांच्या पोटावर आहेत, तेही मोजावं.