जाम नट आणि उलटे आटे

जुन्या गाडीचा नट बोल्टला नुसता चिकटत नाही, तो आतून आवळला जातो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते आणि आट्यांमध्ये तेवढी फट असते कुठे? मुंबईच्या खाऱ्या हवेत तर हे लवकरच घडते.

पहिला उपाय तेलाचा. डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ मध्ये सॅन डिएगोत तयार झाला. नावातले ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेले मिश्रण. पण ते होते पाणी हटवण्यासाठी. मुरलेल्या गंजाला आत झिरपणारे पातळ तेल बरे, तेही रात्रभर मुरू द्यावे. मग नट आधी किंचित आवळायचा आणि नंतर सोडायचा. गंजाची पकड त्यानेच तुटते.

तरीही हलेना, तर उष्णता. तापलेला नट फुगतो, आतला बोल्ट तुलनेने थंड राहतो. जवळ पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी असेल, तर मात्र ज्योत नकोच.

सगळ्यात फसवी जुनी डॉज गाडी. प्रीमियर कंपनीने मुंबईतल्या कुर्ल्यात १९४७ मध्ये तिची जुळणी सुरू केली. त्या काळच्या डॉजच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत. नेहमीच्या सवयीने जोर लावणारा मेकॅनिक चाक सोडवत नसतो, आणखी आवळत असतो!