नाकवाल्या ट्रकचे दिवाने

व्हिंटेज रॅली म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रविवारची सकाळ, फोर्टातला हॉर्निमन सर्कल, आरशासारखी चमकणारी रोल्स रॉइस आणि तिच्यासमोर मोबाइल उंचावून उभे असलेले आपण! आता त्याच रांगेत एक जुना ट्रक उभा आहे अशी कल्पना करा. पुढे लांबुळकं बॉनेट, लाकडी बॉडी, मागे फाळक्यावर रंगवलेली कमळं. बघेल का कुणी त्याच्याकडे? बघणारे आहेत. रोल्सकडे पाठ फिरवून बघणारे आहेत!

ही जमात तशी छोटी. आठवडाभर क्लायंट कॉल आणि एक्सेल शीट, शनिवार उजाडला की हायवेलगतची गॅरेजेस आणि भंगारवाले. कुणी स्केल मॉडेल्स बनवतं, कुणी जुने बिल्ले गोळा करतं. एखाद्या ढाब्यामागे गंजत पडलेलं धूड दिसलं की यांची गाडी करकचून ब्रेक मारते. शेजारी बसलेल्या बायकोचं काय होत असेल, ते विचारू नका.

या मंडळींचा सगळ्यात लाडका म्हणजे टाटा-मर्सिडीज. आपल्यापैकी अनेकांना हे माहीतच नसतं की रस्त्यावरच्या साध्यासुध्या टाटा ट्रकवर एकेकाळी मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक बाहेर पडू लागले. करार १९६९ला संपला, ताऱ्याच्या जागी 'टी' आला. चेहरा मात्र तोच राहिला. म्हणूनच पुढची कितीतरी वर्षं धावलेले गोलसर नाकाचे टाटा बघताना जुन्या ड्रायव्हरच्या तोंडी 'मर्सिडीज' हाच शब्द यायचा. आज मर्सिडीज म्हणजे सीईओची गाडी. तेव्हा ती कांदे वाहायची!

आणि कुर्ला? कोहिनूर सिटीत ज्यांचं ऑफिस आहे त्यांनी हे जरूर वाचावं. तुम्ही जिथे स्वाइप कार्ड दाखवून आत शिरता, तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतीने १९४४ साली ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी हातमिळवणी झाली आणि १९४७पासून कुर्ल्यात डॉज, डिसोटो, फार्गो या नावांच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्यात ट्रकही होते. पुढे फियाट आली, तिचीच झाली प्रीमियर पद्मिनी. कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलं.

पद्मिनीचं नशीब बरं म्हणायचं. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून कायमची उतरली. पेपरांचे रकाने भरले, लोकांनी स्टिअरिंगलगतच्या गिअरच्या आठवणी काढल्या. त्याआधी दीड महिना, १५ सप्टेंबरला, 'बेस्ट'ची जुनी डिझेल डबलडेकर गेली. १९३७पासूनची सोबत! तिलाही लोकांनी हार घालून, सेल्फी काढून निरोप दिला. तिच्या जागी आलेली इलेक्ट्रिक एसी डबलडेकर छानच आहे, पण वरच्या मजल्यावर पहिल्या सीटवर बसून तोंडावर वारा घ्यायची मजा काचेआड कुठली?

ट्रकला असा निरोप कुणी दिला? कुणीच नाही. ट्रक हा कामाचा गडी. चालतो तोवर चालवायचा, मग कापायचा. त्यात आणखी एक भानगड आहे. कंपनी बहुतेक वेळा नुसती चासी आणि समोरचा पत्रा द्यायची. केबिन आणि बॉडी बाहेरचा सुतार-लोहार बांधायचा, रंगारी रंगवायचा. म्हणजे एकासारखा दुसरा ट्रक नाही. कारचं दार खराब झालं तर कुठूनतरी तसंच दार मिळतं. इथे ज्याने दार बनवलं तो माणूसच शोधावा लागतो.

आता खरी गंमत, म्हणजे खरं तर वैताग. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात जपलेली हवी. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षांची आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही ऐटबाज अक्षरं. उत्तम! फक्त व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी मोटारी एवढंच बसतं. मालवाहू ट्रक नाही, बसही नाही. म्हणजे ट्रक शंभर वर्षांचा झाला तरी या कायद्याच्या लेखी तो व्हिंटेज नाही, नुसता म्हातारा. मला हे अजिबात पटत नाही. ज्या गाड्यांनी धान्य, सिमेंट, साखर वाहिली, त्यांच्यापेक्षा राजेसाहेबांची शिकारीची मोटार जास्त ऐतिहासिक कशी?

ब्रिटनमध्ये १९६२पासून लंडन ते ब्रायटन अशी खास जुन्या लॉऱ्या-बसेसची रॅली भरते. आपल्याकडे हौशी माणसाची गाडी पार्किंगपाशीच अडते. कार सोसायटीत कव्हर घालून ठेवता येते. ट्रक आणून बघा, सेक्रेटरी रात्रीत मीटिंग बोलावेल!

अर्थात ज्यांनी हे ट्रक चालवले त्यांना विचाराल तर एवढा रोमान्स ऐकू येणार नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, इंजिनाची धग थेट पायांवर. अनेक जुन्या गिअरबॉक्सना सिन्क्रोमेश नसायचं, म्हणून 'डबल क्लच' मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अंदाजाने रेस, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. खंडाळ्याच्या घाटात भरल्या गाडीनिशी हे चुकलं तर गिअर पडायचाच नाही आणि गाडी मागे सरायची. आता १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. त्याबद्दल जुना ड्रायव्हर हळहळणार नाही, उलट 'उशीर केलात' म्हणेल.

म्हणून या दिवान्यांतले काही शहाणे आता बिल्ल्यांपेक्षा माणसं शोधताहेत. साठी-सत्तरीच्या ड्रायव्हरकाकांना शेजारी बसवायचं, त्यांच्याकडून डबल क्लच शिकायचा, इंजिनाच्या आवाजावरून गिअर कधी पडतो ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचं. काका आधी हसतात, मग चहा मागवतात आणि दोन तास हलत नाहीत.