प्रोसेसर दाबायचा नसतो

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि रविवारी घरीच पीसी जुळवायचा, हे बोरिवली-मुलुंडच्या मुलांना आता नवीन नाही. कौतुकच आहे त्याचं. पण या मंडळींकडून एक सल्ला इतक्यांदा ऐकलाय की वैताग येतो: "प्रोसेसर अंगठ्याने जरा दाब, टक् आवाज आला की बसला."

अहो, टक् आवाज येतो तो रॅमचा! रॅम दाबावीच लागते. प्रोसेसर नुसता ठेवायचा असतो. इंटेलने २००४ साली एलजीए ७७५ सॉकेट आणलं, तेव्हापासून त्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर पिना नाहीत, मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये आहेत. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरला खाली १३३१ पिना होत्या. २०२२च्या एएम५पासून त्याही सॉकेटमध्ये गेल्या. एलजीए १७००मध्ये अशा १७०० नाजूक स्प्रिंगसारख्या पिना असतात. प्रोसेसर तिरका पडला आणि वरून अंगठा दाबला, की त्या वाकल्याच. एखादी वाकली तरी कधी रॅमचं एक चॅनेल दिसेनासं होतं, कधी पीसी सुरूच होत नाही. असं नुकसान सहसा वॉरंटीतही धरत नाहीत.

कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, कडेच्या खाचा बघा, प्रोसेसर कडांना धरून सरळ खाली ठेवा आणि हात काढा. डुगडुगला तर उचलून पुन्हा ठेवा. जोर लागतो तो नंतर, लिव्हर खाली आणताना. तेव्हा करकर आवाज येतो आणि छातीत धस्स होतं, पण पिना सॉकेटमध्ये असलेल्या या एलजीए प्रकारात तो जोर अपेक्षितच आहे: वरची पत्र्याची चौकट प्रोसेसरला पिनांवर दाबून धरते. गोंधळ होतो तो इथेच: लिव्हरचा जोर आणि अंगठ्याचा दाब एकच समजला जातो.

असे आणखीही काही गैरसमज आहेत. "थर्मल पेस्ट जास्त तेवढी चांगली": नाही, वाटाण्याएवढी पुरते. "मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिकची भीती नाही": दमटपणाने ती कमी होते हे खरं, पण एसीच्या खोलीत हवा कोरडी होते, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. "सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालणारच": बायोस जुनं असेल तर स्क्रीन काळाच राहतो, मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरची चालणाऱ्या प्रोसेसरची यादी आधी बघा.

आणि लिव्हर लावताना निघणारं सॉकेटचं काळं झाकण कचऱ्यात टाकू नका. ते सॉकेटवर असेल तरच वॉरंटीसाठी बोर्ड घेऊ, असं आसुसच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेलं असतं.